गोळ्या कधी बंद होतील?

"तुमचं संशोधन पूर्ण झालं, की हिच्या गोळ्या बंद होतील ना?" हृदय प्रत्यारोपण झालेल्या मुलांचे आईवडील भेटले की हा प्रश्न येतोच. त्यातला तो शेवटचा 'ना' मला फार जड जातो. दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही, म्हणून आज लिहिते.

शरीर नवं हृदय नाकारतं तेव्हा ते चुकत नसतं. परकं ते परकं, हे ओळखणं हेच टी-पेशींचं, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं, काम आणि त्या ते चोख करतात. गोळ्या काय करतात, तर त्यांना सरसकट मंद करतात. मग जंतूंनाही मोकळं रान मिळतं. ३ डिसेंबर १९६७ ला केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय माणसाला बसवण्याचं पहिलं प्रत्यारोपण केलं. रुग्ण १८ दिवसांनी गेला तो न्यूमोनियानं. १९८०च्या दशकात टी-पेशींना आवरणारं सायक्लोस्पोरिन हे औषध आलं, नंतर टॅक्रोलिमस आलं, आणि माणसं वर्षानुवर्षं जगू लागली. पण संसर्ग, कर्करोगाचा वाढलेला धोका, हळूहळू थकत जाणाऱ्या किडन्या, हे सगळं पाठीशी लागलंच. शिवाय नव्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून जाड होत जातात, ते या गोळ्यांनी पुरतं थांबत नाही. प्रत्यारोपणात हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असतात, त्यामुळे छातीत दुखून इशाराही बहुधा मिळत नाही. मूल खेळत असतं आणि आत वाहिनी अरुंद होत असते.

म्हणून आम्ही दुसरीकडे पाहतो. टी-पेशींतच काही पेशी बाकीच्यांना आवर घालतात. त्या नियामक टी-पेशी, आम्ही त्यांना टी-रेग म्हणतो. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्यांची ओळख पटवली आणि २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि आणखी दोघांना याच कामासाठी मिळालं. या पेशी भरपूर वाढवून रुग्णाला दिल्या, तर सगळी फौज न झोपवता तेवढ्या हृदयापुरती समजूत घालता येईल, असा हा विचार आहे.

पण इतक्या पेशी आणायच्या कुठून? लहान बाळाच्या रक्तात मिळून मिळून किती मिळणार! इथे थायमस मदतीला येते. टी-पेशी तयार होतात ती ही ग्रंथी. बाळाची छाती उघडली की ती हृदयावरच पसरलेली दिसते, दोन पाळ्यांची, गुलाबीसर. हृदयापर्यंत पोचायला आड येते म्हणून सर्जन ती बरीचशी काढतात. पूर्वी ती कचऱ्यात जायची. आता ती बर्फात ठेवून आमच्याकडे येते. कात्रीनं बारीक तुकडे करायचे, जाळीवर हलक्या हातानं दाबायचे, की खालचं द्रावण दुधासारखं गढूळ होतं. तो गढूळपणा म्हणजेच पेशी. मी हे कितीदा तरी केलंय, तरी दरवेळी क्षणभर थांबून बघते. माद्रिदच्या ग्रेगोरिओ मारान्योन रुग्णालयात हृदय प्रत्यारोपण झालेल्या बाळांना त्यांच्याच थायमसपासून वाढवलेल्या टी-रेग देण्याची चाचणी सुरूही झाली आहे.

मग घोडं कुठे अडतं? टी-रेग जगतात इंटरल्यूकिन-२ या प्रथिनावर, आणि टॅक्रोलिमस नेमकं तेच बनू देत नाही. हृदय वाचवणारी गोळीच आमच्या पेशींना उपाशी ठेवते. बरं, गोळी काढावी तर पेशी रुजण्याआधीच हल्ला व्हायचा. म्हणजे पेशी देत, बायोप्सी (हृदयाचा कणभर तुकडा काढून केलेली तपासणी) बघत, गोळी कणाकणानं उतरवायची. दुसरी भीती अशी, की काही टी-रेग दाहात आपला स्वभाव सोडून उलट हल्लेखोर होऊ शकतात. दात्याच्याच पेशी ओळखणारा रिसेप्टर, म्हणजे ओळख पटवणारं प्रथिन, टी-रेगवर बसवून त्यांना थेट नव्या अवयवाकडे पाठवायचे प्रयत्नही चालू आहेत. माझी जास्त भिस्त त्यांच्यावर आहे.

किडनीत हे काम पुढे गेलंय. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत अशा पेशी दिलेल्या काही रुग्णांना एकाच औषधावर आणता आलं. पण तिथे किडनी बंद पडलीच तर डायलिसिस असतं. हृदयाला असा आडोसा नाही. त्यामुळे गोळी थांबवून बघण्याचं धाडस हृदयात सगळ्यात शेवटी होईल आणि ते तसंच व्हायला हवं. आधी गोळ्या कमी होतील. पूर्ण बंद कधी, याची तारीख मी कुणालाही देत नाही.

मागे एका आईनं हे सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हिच्या ऑपरेशनच्या वेळीही निघाली असेल ना ती ग्रंथी? ठेवलीय का कुणी?"

नव्हती ठेवली. तेव्हा ठेवायची पद्धतच नव्हती. रक्तातल्या टी-रेगवरही काम चालू आहे, हे मी तिला सांगितलं, आणि ते खरंही आहे. पण हल्ली ऑपरेशनचा निरोप आला, की आमच्यातलं कुणीतरी बर्फाचा डबा घेऊन थिएटरच्या दाराशी वेळेआधीच जाऊन उभं राहतं. बहुतेक वेळा ती मीच असते.