वाक्य बाबासाहेबांचं, फोटो साहेबांचा

संविधान दिनाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या फ्लेक्सच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अशा गर्दीत एक तरुण कार्यकर्ता आला. दहा बाय वीसचा फ्लेक्स, मधोमध साहेब, कोपऱ्यात बाबासाहेब, खाली शुभेच्छुकांची रांग. "आणि काका, बाबासाहेबांचं एक कडक वाक्य टाका. नेटवरचं नको, ओरिजिनल पाहिजे."

तारीखही नेमकी तीच. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी केलेलं भाषण माझ्या आवडीचं. त्यातलंच टाईप केलं: धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्ती देत असेल, पण राजकारणातली भक्ती किंवा विभूतिपूजा हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे.

पोरानं दोनदा वाचलं. मग मधल्या फोटोकडे पाहिलं. "दुसरं बघा ना काका."

दुसरं काढलं. माणूस कितीही थोर असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका, हा इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलचा इशारा बाबासाहेबांनी तिथे दिलाय. थोरांबद्दल कृतज्ञ असण्यात गैर काही नाही, पण त्यालाही मर्यादा आहे, असंही लगेच म्हटलंय. स्वातंत्र्याचा बळी देऊन कुठल्याच राष्ट्राला कृतज्ञ राहता येत नाही, हे आयर्लंडचा देशभक्त नेता डॅनियल ओकॉनेल याचं म्हणणंही सोबतच.

"सगळी अशीच आहेत का हो?"

नव्हती. मला त्या भाषणातला सर्वांत भावतो तो श्रेयाचा भाग. घटनेचं श्रेय लोक मला देतात, पण ते खरं माझं नाही, असं म्हणून त्यांनी घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांचं नाव घेतलं आणि त्याहून मोठा वाटा मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जींना दिला. मुखर्जींच्या हाताखालच्या कर्मचाऱ्यांनाही ते विसरले नाहीत. सत्तेच्या जागी बसून भर सभेत असं बोलणारा माणूस मी तरी आमच्या तालुक्यात पाहिलेला नाही.

पोरगं हसलं. "म्हणजे बाबासाहेबांनीपण शुभेच्छुक टाकलेच की!"

"टाकले. फोटोचे पैसे न घेता."

शेवटी पहिल्याच वाक्याचं प्रूफ त्यानं, छातीवर दगड ठेवून, साहेबांना व्हॉट्सअॅपवर पाठवलं. पाच मिनिटांत फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"वाक्य एक नंबर आहे रे. विरोधकांना बरोबर झोंबणार. तेवढं ठळक करा."

केलं ठळक. अर्जंटचे पैसे वेगळे लावले.