गुडइनफ आजोबांचं ‘उशिरा आलेलं’ यश

लिथियम-आयन बॅटरीवाले शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ म्हटलं की व्हॉट्सअॅपचा फॉरवर्ड ठरलेला, ९७व्या वर्षी नोबेल, वय म्हणजे काय नुसता आकडा वगैरे. मी बॅटरीच्या लॅबमध्ये काम करते आणि हे वाचून दरवेळी डोकं फिरतं, कारण आजोबा म्हातारपणी एकदम चमकले असं लोकांना वाटतं.

अहो, १९५२ला शिकागोतून फिजिक्सची पीएचडी करून हा माणूस एमआयटीच्या लिंकन लॅबमध्ये गेला, कॉम्प्युटरच्या मेमरीसाठी फेराइटच्या (चुंबकीय ऑक्साइडच्या) बारक्या रिंगा लागायच्या त्यावर काम करायला, आणि पुढची वीसेक वर्षं ऑक्साइडमध्ये धातू आणि ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन एकमेकांशी कसे वागतात हेच बघत बसला. बॅटरीचा संबंधच नाही. १९७६ला ऑक्सफर्डला इनऑरगॅनिक केमिस्ट्रीचे हेड झाले, तेव्हा स्टॅन्ली व्हिटिंगहॅम या केमिस्टची टायटॅनियम सल्फाइडवाली लिथियम बॅटरी आलेली होती, अडीच व्होल्टच्या आसपासची. आजोबा म्हणाले सल्फाइड सोडा, ऑक्साइड घ्या. का, तर ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉनची लेव्हल सल्फरपेक्षा खाली असते, त्यामुळे व्होल्टेज आणखी वर नेता येतं. १९८०ला मिझुशिमा आणि मंडळींसोबत लिथियम कोबाल्ट ऑक्साइड, थेट ४ व्होल्ट! हे काय नशिबाने लागलं का? शिवाय लिथियम आधीच कॅथोडमध्ये (बॅटरीच्या प्लसच्या बाजूला), म्हणजे समोर मायनसच्या बाजूला लिथियम धातू ठेवायची गरजच नाही, म्हणून तर पुढे जपानच्या अकिरा योशिनोंना तिथे कार्बन वापरता आला आणि १९९१ला सोनीची बॅटरी बाजारात आली.

मला स्वतःला मात्र कोबाल्टपेक्षा त्यांचं एलएफपी जास्त आवडतं (लिथियम आयर्न फॉस्फेट, हेही कॅथोडचंच मटेरियल, १९९७, टेक्सासमधलं ऑस्टिन). व्होल्टेज कमी, साडेतीनच्या आत, पण लोखंड स्वस्त आणि तापलं तरी सहजासहजी पेट घेत नाही. वीज वाहून न्यायच्या बाबतीत मात्र ठार आळशी मटेरियल. म्हणून कणांवर कार्बनचा थर द्यायचा, मग कार्बन ब्लॅक (काजळीसारखी पूड) आणि बाइंडर (कण चिकटवून ठेवणारा) घालून काळीकुट्ट स्लरी, म्हणजे दाट घोळ, करायची आणि अॅल्युमिनियम फॉइलवर एकसारखी ओढायची, त्यात हवेचा एक बुडबुडा राहिला की वाळल्यावर तिथे बरोब्बर खड्डा. ग्लोव्ह घातले तरी नखं काळी होतात, कशी ते विचारू नका.

आणि आजोबांचं सगळंच मान्य आहे असं नाही हं. नव्वदी उलटल्यावर काचेच्या इलेक्ट्रोलाइटचे (दोन टोकांमध्ये लिथियमची ये-जा होते तो भाग) जे पेपर आले त्यावर बऱ्याच जणांनी शंका काढल्या, मलाही ते आकडे पटत नाहीत.