बालदिनाचा सिनेमा

आमच्या वाचनालय मंडळाचा १४ नोव्हेंबर म्हणजे नारळ, हार, प्रास्ताविक, आभार. ते नेहमीचंच. पोरं यायची सिनेमाला, आणि मी बाईंच्या पाच मिनिटांना.

चित्रकलेच्या निवृत्त बाई. पटांगणात अंधार पडला की रिळांच्या पत्र्याच्या डब्यावर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि दरवर्षी तेच सांगायच्या. सरकारनं १९५५ साली खास मुलांचे सिनेमे काढायला चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी काढली, हृदयनाथ कुंझरू पहिले अध्यक्ष. पहिलाच सिनेमा केदार शर्मांचा ‘जलदीप’, तो १९५७ साली व्हेनिसहून बक्षीस घेऊन आला. मग आवाज खाली आणून म्हणायच्या, “तुमचे बाबा काडेपेटी घेतात, त्यातला कर सरकारला जातो. त्या पैशांतून हा सिनेमा निघाला. मग सांगा, सिनेमा कुणाचा?”

“आमचाऽऽ!”

तेव्हा मी पडद्याची दोरी ओढायला म्हणून मागे जायचो. डोळे पुसायला दुसरी जागा नव्हती.

सई परांजपे सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा बाईंनी पदरच्या पैशांनी पेढे वाटले होते. श्याम बेनेगलांचा ‘चरणदास चोर’ही सोसायटीचाच. त्यातली राजकुमारी म्हणजे स्मिता पाटील. ती दिसली की पोरांआधी आया सावरून बसायच्या. नेमकी तिथेच एकदा फिल्म तुटली. ऑपरेटरकाका दातांत बॅटरी धरून जोड देत होते आणि बाई पोरांकडून पाढे म्हणून घेत होत्या.

सभासद दीडशेच्या वर, सिनेमाला मोजून अकरा. कोजागरीच्या दुधाला मात्र पेले कमी पडायचे. असो.

२०२२ साली सोसायटी एनएफडीसीत, म्हणजे सरकारच्याच राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली. ते पाहायला बाई राहिल्या नव्हत्या.

कुणी राहायला नको म्हणून लिहून ठेवतो: ऑपरेटरकाका, एसटी स्टँडवरून सायकलला डबे बांधून आणणारे शिपाईमामा, दोन चादरी जोडून पडदा शिवणारे शिंपीदादा (शिवण बरोबर मधोमध यायची, पण पैसे घेतले नाहीत), बांबू देणारे मांडववाले, चिवडा करणाऱ्या तिघी जावा, कुत्री हाकलणारी आठवीची मुलं. आणि हो, शेजारच्या आजी! शाळेचा फ्यूज उडायचा म्हणून वायर त्यांच्या घरातून यायची. त्यांचाही उडू नये म्हणून घरातले सगळे दिवे मालवून सिनेमा संपेपर्यंत त्या ओट्यावर बसून राहायच्या.