जर्मन सैन्य देशाबाहेर जातं, ते संसदेला विचारूनच

जर्मनीच्या घटनेत ही अट थेट लिहिलेली नाही. तिथल्या घटना न्यायालयाने 12 जुलै 1994 च्या निकालात ती घालून दिली. कायदा झाला 2005 मध्ये. सरकारच्या प्रस्तावात कामगिरी, प्रदेश, कायदेशीर आधार, सैनिकांची कमाल संख्या, मुदत आणि अंदाजे खर्च द्यावाच लागतो. बुंडेस्टागला, म्हणजे तिथल्या संसदेला, त्यात कानामात्राही बदलता येत नाही: मंजूर करा, नाहीतर फेटाळा. दिलेली मंजुरी मागे मात्र घेता येते, आणि मला हीच तरतूद सगळ्यात मोलाची वाटते.

किरकोळ कामगिरी असेल, तर 7 दिवसांत एखाद्या संसदीय गटाने किंवा 5 टक्के सदस्यांनी आक्षेप घेतला नाही की संमती धरली जाते.

दबाव येतो तो राजकारणातून. नोव्हेंबर 2001 मध्ये चॅन्सेलर श्र्योडर यांनी 3,900 पर्यंत सैनिक पाठवण्याचा प्रस्ताव विश्वासदर्शक ठरावाला जोडला. हवी होती 334 मतं, मिळाली 336. विरोध असलेल्या सत्ताधारी खासदारांपुढे मग सैन्य पाठवा किंवा स्वतःचं सरकार पाडा, एवढंच उरलं. अशी जोडणी कायद्यानेच बंद करायला हवी.

दुसरी फट तातडीची. जीव धोक्यात असतील तर सरकार आधी सैन्य पाठवून मग संमती मागू शकतं. नकार आला तर मोहीम थांबवावी लागते. पण 2011 मध्ये लिबियातून लोकांना बाहेर काढण्याची मोहीम संसदेने विचार करण्याआधीच संपली. न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलं: संपलेल्या मोहिमेला मंजुरी लागत नाही, संसदेला तपशीलवार माहिती मात्र द्यावीच लागते.