दूध संकलनाचं बिल आणि चार मितींचा ॲरे : माझा अनुभव

गावातल्या दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल मी एक्सेलच्या व्हीबीएमध्ये (एक्सेलमधली प्रोग्रॅमिंग भाषा) काढतो. कच्च्या शीटवर प्रत्येक संकलनाची एक ओळ असते : दिनांक, वेळ, सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक). सभासद 240 धरले तर महिन्याच्या शेवटच्या हप्त्यात, म्हणजे 21 ते 31 या 11 दिवसांत, सकाळ-संध्याकाळ मिळून 5,280 ओळी होतात. यासाठी चार मितींचा ॲरे, म्हणजे एकाच नावाखाली चार-चार क्रमांकांनी ओळखले जाणारे आकड्यांचे कप्पे, अगदी चपखल बसतो. फक्त कोणती मिती कुठे ठेवायची, हे कोड लिहिण्याआधी ठरवावं लागतं.

सहज सुचणारा क्रम म्हणजे सभासद, दिवस, वेळ, घटक. मी तो बरोबर उलटा ठेवतो :

डिम दूध() ॲज डबल
रीडिम दूध(1 टू 3, 1 टू 2, 1 टू 11, 1 टू 250)

पहिली मिती घटकाची (1 लिटर, 2 फॅट, 3 एसएनएफ), मग वेळ, मग दिवस आणि सगळ्यात शेवटी सभासद. कारण हप्ता चालू असताना दिवस किंवा घटक वाढत नाहीत, सभासद मात्र वाढतात. रीडिम प्रिझर्व्ह (आतले आकडे राखून ॲरेचा आकार बदलणारी आज्ञा) फक्त शेवटच्या मितीची वरची मर्यादा बदलू देतं. दुसरी कुठलीही मिती वाढवायला गेलं की एरर 9, ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज’. हा संदेश वाचून माणूस लूपमध्ये चूक शोधत बसतो, आणि चूक असते रीडिमच्या ओळीत.

असं का, ते मेमरीतली मांडणी बघितली की कळतं. व्हीबीए ॲरे साठवताना पहिला निर्देशांक (कंसातला पहिला क्रमांक) सर्वांत वेगाने फिरवतं. त्यामुळे एका वेळचे लिटर, फॅट, एसएनएफ शेजारी-शेजारी बसतात. एका सभासदाचे 3 × 2 × 11 म्हणजे 66 आकडे सलग येतात, त्यांच्यामागे पुढच्या सभासदाचे 66. नवा सभासद आला की शेवटी 66 जागा जोडल्या की झालं, आधीचे आकडे जिथल्या तिथे. दिवस वाढवायचा म्हटला तर प्रत्येक सभासदाच्या मध्येच 6 जागा घुसवाव्या लागतील आणि सगळा हिशोब सरकेल. लूपही याच क्रमाने : बाहेर सभासद, सगळ्यात आत घटक. 250 सभासदांचे 16,500 आकडे, डबलला 8 बाइट, म्हणजे जेमतेम 1,32,000 बाइट. इतक्याशा डेटात वेगाचा फरक जाणवत नाही, पण आकडे लाखांत गेले की जाणवतो.

रीडिम प्रिझर्व्ह दर वेळी अख्खा ॲरे नव्या जागी कॉपी करू शकतं. म्हणून मी एकेक सभासद न वाढवता एकदम 50 जागा वाढवतो.

कंसात ‘1 टू’ लिहायचा कंटाळा करू नये. नुसतं दूध(3, 2, 11, 250) लिहिलं तर मोजणी शून्यापासून होते आणि प्रत्येक मितीत एक जागा फुकट जाते. (जीडब्ल्यू-बेसिक या जुन्या भाषेत डिम न लिहिता ॲरे वापरला तर 0 ते 10 धरलं जायचं. आपला अकरावा दिवस तिथेच अडकला असता!)

कच्ची शीट मी सेल-सेल न वाचता एकदम व्हेरियंटमध्ये (कोणत्याही प्रकारची किंमत मावणारा चल) घेतो : कच्चा = रेंज.व्हॅल्यू. हा ॲरे कायम दोन मितींचा आणि 1 पासून सुरू होणारा, ऑप्शन बेस (मोजणी 0 पासून की 1 पासून, हे ठरवणारी ओळ) काहीही असो. एकच कॉलम घेतला तरी कच्चा(5, 1) असंच लिहावं लागतं. कच्चा(5) लिहिलं की पुन्हा एरर 9. आणि रेंज एकाच सेलची निघाली तर ॲरे मिळतच नाही, नुसती किंमत मिळते. मग यूबाउंडवर (ॲरेची वरची मर्यादा सांगणारं फंक्शन) एरर 13, म्हणजे प्रकार जुळत नाही. म्हणून ॲरे आहे का, ते आधी इजॲरेने तपासायचं.

सभासद क्रमांक सलग नसतात, 1247 नंतर थेट 1302 येतो. तो क्रमांक निर्देशांक म्हणून वापरायचा नाही. स्क्रिप्टिंग डिक्शनरीत (‘की’ दिली की तिच्यासमोरची किंमत देणारी यादी) क्रमांकावरून जागा शोधायची, आणि की देताना सीस्ट्रिंग (CStr, किमतीचा मजकूर करणारं फंक्शन) लावायचंच. एका सेलमध्ये 101 हा आकडा आणि दुसऱ्यात तोच मजकूर म्हणून टाइप झाला असेल, तर डिक्शनरी त्यांना दोन वेगळे सभासद समजते. दिनांकाचंही तसंच : व्हारटाइप (किमतीचा प्रकार सांगणारं फंक्शन) 8 आला, म्हणजे तो मजकूर आहे, तर ती ओळ बाजूला काढतो. नाहीतर 05/07 कधी जुलैत जातं, कधी मेमध्ये.

एकाच वेळी कुणी दोनदा दूध घातलं तर साधी नेमणूक पहिली नोंद पुसून टाकते. जागेवर लिटर आधीच असतील तर भारित, म्हणजे लिटरच्या प्रमाणात धरलेले, फॅट आणि एसएनएफ आधी काढायचे, लिटर मागून मिळवायचे. उलट केलं तर जुने लिटर हाताशी उरत नाहीत. हप्त्याची सरासरीही भारितच. सकाळी 6 लिटर 4.0 फॅटने आणि संध्याकाळी 3 लिटर 4.6 ने, तर फॅट 4.2 येते, साधी सरासरी 4.3 दाखवते आणि संस्थेला फटका बसतो.

शेवटी बिल दोन मितींच्या ॲरेत भरून रिसाइझने (रेंजचा आकार ठरवून) एकदम शीटवर उतरवतो. इथे मोजणी डिक्शनरीच्या काउंटवरून घ्यायची, 250 वरून नाही, नाहीतर रिकाम्या जागांच्या शून्याच्या ओळी बिलात येतात. रेंज ॲरेपेक्षा मोठी झाली तर जादा सेलमध्ये ‘एन/ए’ दिसतं, ते निदान डोळ्यांना खुपतं. लहान झाली तर खालचे सभासद काही न सांगता गळतात.