पद्मिनी, भाग ७: एसी पंपावरचं ओलं फडकं उतरलं

तापलेली प्रीमियर पद्मिनी पुन्हा सुरू होते का, याची परीक्षा: दिवे घाटाच्या माथ्यावर, दुपारी अडीच वाजता, ३८ अंशांत. इंजिन बंद, बॉनेट मुद्दाम बंदच, घड्याळ लावून १५ मिनिटं. मग चोक नाही, ॲक्सिलरेटरवर पाय नाही, नुसता सेल्फ. दोन-तीन फेऱ्यांत गाडी सुरू. घाट उतरून खाली मस्तानी तलावाच्या बाजूला तीच परीक्षा पुन्हा, पुन्हा पास. सहाव्या भागाच्या शेवटी 'कॉइल बदलली, प्रश्न मिटला' असं जे ठोकून दिलं होतं ते साफ चुकलं होतं. जुनी कॉइल (प्लगच्या ठिणगीला वीज पुरवणारी) निर्दोष होती, ती पुसून स्पेअर म्हणून डिकीत ठेवली आहे.

आजार सगळ्यांना पाठ आहे, तरी एकदा उजळणी. सकाळी गार गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू. स्वारगेटपर्यंत ट्रॅफिकमध्ये गेली, १० मिनिटं उभी केली, की पुढची २० मिनिटं नुसता सेल्फ फिरतो. एसी पंपावर (म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या, एसी बनावटीच्या, इंजिनावरच्या पंपावर) ओलं फडकं टाकलं की कधी सुरू होते, कधी नाही. पद्मिनीवाल्यांच्या दोन पिढ्यांनी हे फडकं वापरलंय, त्यामुळे 'फियाटला चालायचंच' म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. पण फडक्याने 'कधी कधी' गुण येतो, याचा अर्थ खरं दुखणं दुसरीकडे आहे आणि पंप फक्त शेवटचा मार खातोय.

गरम गाडी सुरू होत नसेल तर कारणं तीनच: पेट्रोल येत नाही, पेट्रोल जास्त येतंय, किंवा ठिणगी नाही. ते ओळखायला दोन मिनिटं पुरतात, पण ती दोन मिनिटं गाडी आडवी पडलेली असतानाच मिळतात, नंतर नाही. एअर फिल्टर काढा, कार्बच्या (कार्ब्युरेटरच्या) घशात बघत हाताने थ्रॉटल झटका. पिचकारी उडाली तर फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बच्या पेट्रोल साठवायच्या वाटीत, पेट्रोल आहे. मग एक प्लग काढा. ओला आणि वास मारत असेल तर गाडी ओव्हर झाली आहे, म्हणजे पेट्रोल जास्त झालंय, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. प्लग कोरडा आणि पिचकारीही नाही, तर चेंबर रिकामा. ठिणगी निळी आणि चटचट आवाजाची हवी. पिवळसर, मुकी असेल तर कंडेन्सर किंवा कॉइल. मागच्या वेळी ठिणगी तेवढी पाहिली, ती जरा पिवळट वाटली आणि तिथेच थांबलो. पिचकारी पाहिलीच नव्हती. या वेळी पाहिली. चेंबर ठणठणीत कोरडा.

म्हणजे पुरवठा. इथून पुढे अंदाज बंद, माप सुरू. पंपाची बाहेरची नळी काढून बाटलीत सोडली, कॉइलची मधली वायर काढून अर्थ केली आणि १५ सेकंद सेल्फ. गार गाडीवर ८० मिली. गरम करून १० मिनिटं उभी केल्यावर १५ मिली, तेही फेसाळलेलं. (हे करताना बाटली एक्झॉस्टपासून लांब धरा आणि दुसऱ्या माणसाच्या हातात अग्निशामक द्या. बादलीभर पाणी चालत नाही.) पंप उघडला. डायफ्रॅम (पेट्रोल ओढणारा पडदा) सहा महिन्यांपूर्वीचा, मऊ, भोक नाही. दोन्ही झडपा तोंडाने ओढून पाहिल्या, धरतात. पंप आणि ब्लॉकच्या मधलं बेकेलाइट पॅकिंग जागेवर. ते जाड केलं तर उष्णता कमी पोचेल हा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. त्यात मेख अशी की पॅकिंग जितकं जाड तितकी पंपाची चाल कमी, म्हणजे दर फेऱ्याला पेट्रोलही कमी. मूळ जाडीला हात लावायचा नाही.

मग खरी युक्ती. टाकीकडून येणारी नळी पंपावरून काढली आणि पारदर्शक नळीने पाच लिटरचा कॅन जोडला, तोही टाकीच्याच उंचीला. गाडी गरम केली, १५ मिनिटं उभी, बाटलीत ७५ मिली. पंप निर्दोष, कार्ब निर्दोष. दोष पंपापासून टाकीपर्यंतच्या नळीत. त्या नळीत पायपंपाने पुढून मागे हवा मारली होती, चौथ्या भागात, आणि 'लाइन मोकळी' असा शेराही दिला होता. टाकीत बुडबुडे मस्त येत होते. आता उलट केलं, हवा मारायच्या ऐवजी ओढून पाहिली. हातपंपाने ओढताना सुरुवातीला सहज येते आणि मग 'फट्' करून बंद!

गाडीच्या पोटाखाली लोखंडी नळीचे दोन तुकडे रबरी होजने जोडलेले आहेत, सायलेन्सरपासून जेमतेम चार बोटं. लांबी १४ सेंटीमीटर. बाहेरून ठणठणीत, एक चीर नाही, गळती नाही. गळणार कशी, ही ओढीची बाजू आहे. भोक पडलं तर गाडी चालू असताना पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. होज काढून ब्लेडने उभा कापला. आतलं अस्तर कापडापासून सुटलेलं, जिभेसारखी एक काळी पट्टी, साधारण तीन सेंटीमीटर, एका टोकाला चिकटलेली. पुढून फुंकलं की ती भिंतीला चिकटते, पुढूनच ओढलं की तोंडावर येऊन बसते. एकमार्गी झडप, फुकट बसवलेली.

आता सगळं जुळतं. गार असताना रबर ताठ, जीभ उभी राहते. सायलेन्सरच्या आणि रस्त्याच्या तापाने मऊ झालं की पडते. ती पडली की पंप ओढत राहतो, नळीत दाब उतरतो, आणि दाब उतरला की पेट्रोल कमी तापमानालाच उकळतं. म्हणून फेस. म्हणून पंप गार केला की थोडा गुण. आणि सासवड रस्त्यावर सत्तरच्या पुढे जो हलका झटका यायचा, ज्याला मेन जेटवर (कार्बमधलं पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकावर) ढकललं होतं, तोही याच जिभेचा.

आता प्रश्न हा, की तिथे होज आला कुठून? कारखान्यातून निघताना त्या जागी जोड नसतो. याचं उत्तर गाडीत नाही, आरसी बुकात होतं, आणि ते आपण गाडी घेताना वाचलंही होतं. १९९३ची एमएच १२. पहिला मालक ११ वर्षं, फक्त पेट्रोल. दुसऱ्याच्या काळात एलपीजीची नोंद. तिसऱ्याने किट उतरवलं, पण आरटीओत नोंद तशीच, परिवहनच्या पोर्टलवर अजून इंधन 'पेट्रोल/एलपीजी' दिसतं. डिकीच्या पत्र्याला चार बुजवलेली भोकं आहेत, सिलिंडरच्या चौकटीची. त्यातलं एक नेमकं पेट्रोलच्या नळीवर येत होतं. फिटरने नळी कापून वळवली, रबराने जोडली, वर अंडरकोटिंग मारलं. किट गेलं, जोड राहिला.

म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यांना आग्रहाचं सांगणं: मालक किती झाले यापेक्षा कोणत्या मालकाने काय बसवलं ते बघा. गॅसची नोंद दिसली की खाली झोपून टाकी ते कार्ब प्रत्येक जोड मोजा. गॅसवर वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीचा पंपाचा डायफ्रॅम कोरडा पडून कडक झालेला असतो, तो न बघताच बदला. टॅपेटची गॅप प्रत्येक सेटिंगला आपोआप कमी झालेली सापडत असेल तर वॉल्व्ह सीट झिजून आत बसत चाललंय, हेडचा खर्च धरून भाव करा. आणि नोंद काढून घ्या. विम्याच्या दाव्यात कागद एक आणि गाडी दुसरी असली की वाद तिथेच सुरू होतो.

दुरुस्ती: रबराचा तुकडा १४ सेंटीमीटरचा होता, तो ठेवलाच नाही. ६ मिमीची बंडी पाइप (पातळ पोलादी नळी) वाकवून घातली, सायलेन्सरपासून हातभर लांबून नेली, दोन्ही टोकांना उठाव काढला म्हणजे होज सटकत नाही. आता दोन जोड, प्रत्येकी ४ सेंटीमीटर होज. क्लिप साध्या जुबली (स्क्रूने आवळायच्या) नकोत, पट्टीच्या खाचा पातळ होजला कापतात; गोल कडांच्या लहान क्लिप घ्या.

होजचं मात्र जपून. नाना पेठेतल्या एका दुकानातून 'ई २० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) चालतं साहेब' म्हणून मिळालेला तुकडा आणि एसएई जे३० आर९ हे इंधन होजचं मानक छापलेला तुकडा, दोन्ही ५० मिमी कापून पेट्रोल पंपावरून आणलेल्या पेट्रोलच्या वेगवेगळ्या बरण्यांत सात दिवस ठेवले. पहिला ५४ मिमी झाला, नखाने दाबला तर खूण राहते, पेट्रोल चहासारखं. दुसरा जिथल्या तिथे. पेट्रोल पंपावर आता सर्रास ई २०च मिळतं, तेव्हा जुना नायट्राइल रबराचा होज, कॉर्कची पॅकिंगं आणि कार्बच्या जस्ताच्या भागांवर जमणारी पांढरी भुकटी, या तिन्हीकडे दर सहा महिन्यांनी बघायलाच हवं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर चेंबर रिकामा करून ठेवा.

इलेक्ट्रिक पंपाचा बेत होता, तो रद्द. एसी पंप अडीच-तीन पीएसआय दाब देतो, बाजारातले स्वस्त इलेक्ट्रिक पंप त्याहून जास्त देतात, फ्लोटची नीडल (चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) उचलली जाते आणि गाडी ओव्हर. शिवाय धडक झाली तर तो बंद पडायची सोय वेगळी करावी लागते. त्याऐवजी कार्बच्या आधी टी टाकून दीड मिमी भोकाची परतीची नळी टाकीत न्यावी असा विचार होता. पेट्रोल फिरतं राहतं, वाफ टाकीत परत जाते. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की त्यासाठी आणखी तीन जोड वाढणार, आणि आत्ताच एका जोडाने पाच महिने खाल्ले. परतीची नळीही बाद. मे महिना असाच काढू, मग बघू.

मेन जेटचं गणितही बदललं. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई २०ला साधारण १३.५, म्हणजे जेट आठ-नऊ टक्के मोठा हवा. आपल्या जेटवर १२० कोरलंय, म्हणजे भोकाचा व्यास १.२० मिमी. १२५ घातला तर व्यास चार टक्के, क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढतं, हिशेब बरोबर. तो आणूनही ठेवला. पण पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, इथली हवा पाच-सहा टक्के विरळ, त्यामुळे कार्ब आपसूकच तीनेक टक्के रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) चालतो. म्हणजे १२२.५ पुरावा. मुंबईवाल्यांनी १२५ घालावा, आपण नको.

नव्या मंडळींपैकी दोघांनी विचारलं, पद्मिनीच का? मारुती ८०० घेतली असती तर? खरंय, ७९६ सीसीच्या त्या गाडीचा प्रत्येक भाग आजही काउंटरवर मिळतो आणि पुण्यात तिचा मिस्त्री गल्लोगल्ली. प्रीमियरच्याच ११८ एनईला निसानचं ११७१ सीसी इंजिन, चालवायला पद्मिनीपेक्षा सरस, पण बॉडीचे भाग मिळवताना दमछाक. काँटेसाला पार्किंग कुठे देणार, सदाशिव पेठेत? पद्मिनीचं १०८९ सीसी इंजिन घरच्या पान्यांनी पूर्ण उघडतं, आणि वर्षानुवर्षं मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी तिच्या सुट्या भागांचा बाजार चालता ठेवला. हा शेवटचा मुद्दा आता कच्चा झालाय. शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ला, २० वर्षांची मुदत २०२३च्या ऑक्टोबरअखेर संपली. त्यानंतर कुर्ल्यात जो माल पडलाय तो पडलाय, नवा बनत नाही. किंगपिन (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या पिना) सेट, कार्बची नीडल आणि डिस्ट्रिब्युटर कॅप, एवढं आत्ताच दोन-दोन घेऊन ठेवा. पुढचं पासिंग २०२८ला. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला नोंदणी नूतनीकरणाचे १० हजार लागतात, तेही बाजूला काढा.

जाता जाता एक गोड बातमी. स्टिअरिंगवरच्या गिअरचा खुळखुळाट गेला. भोसरीत लेथवर डेलरिनचे (कडक प्लास्टिकचे) चार बुश काढून घेतले, भोक पिनपेक्षा ०.१ मिमी मोठं. ०.२ ठेवलं तर पुन्हा हलतं, ०.०५ ठेवलं तर उन्हात अडकतं, दोन्ही करून झालं. दांडीच्या टोकाला ४० मिमी मोकळी चाल होती, आता १२. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना आता काचेच्या बरणीचं झाकण फिरवल्यासारखं वाटतं. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी याच लिंकेजचे जुने आर्म मिळतात, पण घेताना पिनचं भोक अंडाकृती झालेलं नाही ना, ते ड्रिल बिट घालून बघा.

१२२.५चा मेन जेट मात्र कुठेच मिळत नाहीये. कोणाच्या डब्यात पडला असेल तर कळवा, बदल्यात कोरा १२५ देऊ.