शौचाच्या रिपोर्टमधलं यीस्ट

ओपीडी सुरू व्हायच्या आतच मुलानं काकांना रिक्षातून उचलून आणलं. अंग घामानं चिंब, बोलणं असंबद्ध. "लकवा मारला का हो, डॉक्टर?" त्यानं विचारलं. सिस्टरनी बोटाला सुई टोचली, साखर ३८. शिरेतून डेक्स्ट्रोज गेलं आणि थोड्या वेळात काकांनी "मी हितं कसा?" म्हणून डोळे उघडले.

मधुमेह जुना, गोळ्या त्याच, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. मग साखर इतकी का पडावी? मी औषधांची पिशवी मागितली. काकूंनी ती टेबलावर रिकामी केली आणि त्यात फ्लुकोनॅझोल १५० या बुरशीवरच्या औषधाची पट्टी दिसली, रोज एक गोळी घेतलेली.

खोकल्यासाठी लागोपाठ दोनदा अँटिबायोटिकचे कोर्स झाले होते. पाठोपाठ जुलाब आणि गॅस. शौचाच्या तपासणीत 'यीस्ट सेल्स', म्हणजे एका प्रकारच्या बुरशीच्या पेशी, आल्या आणि कुणीतरी सांगितलं, आतड्यात बुरशी वाढली. गोळ्या दुकानातून आणल्या. भाकरी, फळं, दही, ताक सगळं बंद. "म्हणलं, बुरशीला खायला कशाला घालायचं," काकू म्हणाल्या.

ग्लिमेपिराइड लिव्हरमधल्या ज्या एन्झाइममुळे मोडतं, तेच फ्लुकोनॅझोल अडवतं. ग्लिमेपिराइड रक्तात साचलं, त्यात जेवण निम्म्यावर आलेलं. साखर पुन्हा पडू शकते म्हणून काकांना दाखल केलं, ग्लिमेपिराइड आणि फ्लुकोनॅझोल दोन्ही थांबवल्या. फ्लुकोनॅझोल अंगातून निघायला काही दिवस लागतात, त्यामुळे ग्लिमेपिराइड लगेच सुरू करायचा प्रश्नच नव्हता.

पिशवीत सॅकरोमायसीस बुलार्डीची पाकिटंही होती. हे प्रोबायोटिक, म्हणजे आतड्यासाठी दिले जाणारे उपयोगी सूक्ष्मजीव, स्वतःच यीस्ट आहे. अँटिबायोटिकनं ते मरत नाही, हाच त्याचा उपयोग. पण फ्लुकोनॅझोलसोबत दिलं की ते मारलं जातं. म्हणजे एका हातानं पेरायचं आणि दुसऱ्या हातानं उपटायचं. अशी चिठ्ठी पाहिली की मला खरंच वाईट वाटतं, पैसे पेशंटचे जातात.

कॅन्डिडा हा यीस्टचाच एक प्रकार, तो निरोगी माणसांच्या आतड्यातही असतो. तिथले जिवाणू जागा आणि अन्न व्यापतात, तंतुमय अन्न आंबवून आम्लं तयार करतात, म्हणून तो आवाक्यात राहतो. अँटिबायोटिकनं हे जिवाणू मेले की त्याला मोकळं रान मिळतं. आतड्यात त्याची खरी अतिवाढ झालेली माणसंही असतात, पण ते शौचात दिसलेल्या चार यीस्ट सेल्सवरून ठरत नाही.

काकांच्या तोंडात मात्र टाळूवर कॅन्डिडाचे पांढरे चट्टे होते. खोकल्यासाठी स्टेरॉइडचा इन्हेलर चालू होता आणि नंतर चूळ भरायची हे कुणी सांगितलंच नव्हतं. गिळताना दुखत नव्हतं. तिथं क्लोट्रिमॅझोल या बुरशीवरच्या औषधाचा माउथ पेंट, म्हणजे तोंडात लावायचा द्रव, पुरेसा होता. अँटिबायोटिकनंतरचे जुलाब म्हणून, असे जुलाब करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली.

घरी जाताना काकूंना सांगितलं: आधी मऊ भात-वरण आणि ताजं ताक, मग ज्वारीची भाकरी, डाळी, भाज्या हळूहळू वाढवा. अँटिबायोटिक विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.

पुढच्या भेटीत जुलाब थांबलेले, चट्टे गेलेले, वजन भरू लागलेलं. मुलगा म्हणाला, "शौचाचा रिपोर्ट परत करायचा का?" मी नको म्हटलं. काकांना काही त्रास नव्हता. त्यात यीस्ट दिसलं असतं तरी मी गोळी देणार नव्हतो.